एका बाकावरच्या दोन जावा

आमच्या घरात अबोला हा नीट लावून दिलेला कारभार होता. चार वर्षं चालला आणि एकदाही बंद पडला नाही. वरच्या मजल्यावर माझी थोरली जाऊ, म्हणजे ताई, आणि खाली मी. मधे जिना. पाण्याच्या मोटरीचं बटण माझ्या दाराशी. वरची टाकी भरून वाहायला लागली की वरून आवाज यायचा, "घरात कुणी असेल तर मोटर बंद करा म्हणावं." म्हणावं कुणाला? तर जिन्याला. मग मीही जिन्यालाच सांगायची, "केलीय बंद. कान असतील त्यांना कळेल."

मोठे निरोप नवऱ्यांमार्फत जायचे. दोघे भाऊ मिळून काचेचं दुकान चालवतात. आरसे, फोटोच्या चौकटी, खिडक्यांची तावदानं. दिवसभर काच जपायची आणि संध्याकाळी घरी येऊन आम्हाला. माझा नवरा म्हणायचा, त्यातल्या त्यात काच परवडली.

अबोल्याचं कारण विचाराल तर हसाल, आणि हसलात तर मला राग येईल. मी केस कापले होते. मानेपर्यंत, छान. चार पाहुणे बसले होते, मी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आले, आणि ताई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "चला, आता आमच्या घरात तीन पुरुष झाले." पाहुणे हसले. माझा नवराही हसला. त्याचं मी त्याच्याकडून नंतर वसूल केलं, ते सोडा. पण त्या दिवसापासून मी ताईंशी बोलणं टाकलं. त्याही काही कमी नाहीत. मी तोंडाला कुलूप लावलं तर त्यांनी वरून कडी घातली. मला डिवचायला म्हणूनच की काय, दिवसभर माझ्या डोक्यावर शिवणयंत्र चालवायच्या. खड खड खड, जेवताना, झोपताना, टीव्हीवर काही चांगलं लागलेलं असताना.

मी दातांच्या दवाखान्यात कामाला होते, मागच्या खोलीत. उपकरणं धुवायची, निर्जंतुक करायची, ट्रे लावायचे. पुढच्या टेबलावर जी मुलगी बसायची ती गाव सोडून जाणार होती. तिची ती खुर्ची! गोल फिरणारी, खालीवर होणारी. सगळे गेल्यावर मी तिच्यात बसून एक गिरकी घेतली होती. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, "माझी ना नाही. पण निम्मे फोन इंग्रजीत येतात. संध्याकाळचा तो वर्ग असतो ना मोठ्यांसाठी, तो करा. तोंडी परीक्षा पास व्हा, खुर्ची तुमची."

मग काय, मी घातलं नाव.

वर्ग भरायचा लहान मुलांच्या शाळेत. भिंतीवर कागदाची फुलपाखरं, आणि बाक असे की बसल्यावर गुडघे हनुवटीला टेकायचे. आमच्या टीचर माझ्या भाचीच्या वयाच्या होत्या, पण आवाज असा की बसचा ड्रायव्हरही त्यांच्यापुढे हळू बोलायचा. खरोखरचा बसचा ड्रायव्हर होता तो, मागच्या बाकावर बसायचा. पहिल्या दिवशी मी वही उघडतेय न उघडतेय तोच दारात ताई उभ्या!

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. बघा म्हटलं, मी केस कापले तर मी पुरुष, आणि मी शिकायला निघाले तर ह्या बाईसाहेब माझ्या मागोमाग. ह्यांना कशाला हवंय इंग्रजी? कापडाशी बोलायला?

टीचरनी सगळ्यांना आडनावाच्या क्रमाने बसवलं. आमचं आडनाव एकच. एवढी एकच वस्तू आम्हा दोघींना सासरकडून सारखी मिळाली होती, आणि तिनेच घात केला. एका बाकावर शेजारी शेजारी. टीचर म्हणाल्या, ही तुमची जोडी. परीक्षेपर्यंत बदलायची नाही, परीक्षाही जोडीनेच द्यायची. दोघांनी एकमेकांशी बोलायचं, आणि दोघांपैकी एकाच्याही तोंडून आपल्या भाषेतलं वाक्य गेलं तर दोघेही नापास.

मी हात वर करून जोडी बदलून मागणार होते. पण मागायचं इंग्रजीत, आणि तेवढं इंग्रजी मला येत असतं तर मी तिथे आलेच कशाला असते?

पहिला धडा ओळखीचा. मी समोरच्या फळ्याकडे बघून म्हटलं, "हाऊ आर यू?" चार वर्षांत ताईंना विचारलेला पहिला प्रश्न. पुस्तकात उत्तर छापलेलंच होतं. पण ताई म्हणाल्या, "नॉट फाइन. फिंगर पेन." आणि सुई टोचलेलं बोट वर केलं. टीचरनी समजावलं की इथे 'आय अ‍ॅम फाइन' म्हणायचं असतं, सगळे तसंच म्हणतात. ताईंनी परत बोट दाखवलं. मी मनात म्हटलं, हट्टी ती हट्टीच, परक्या भाषेतही.

घरी जाताना मी रस्त्याच्या या कडेने, ताई त्या कडेने. मी मनाशी नियम ठरवून टाकला होता. वर्गात बोललं ते बोलणं नव्हे, तो अभ्यास. अबोल्याला धक्का नाही.

नवऱ्याला मात्र सुटल्याचा आनंद झाला. जेवताना म्हणाला, "आता तुम्ही दोघी एका बाकावर बसता ना? मग निरोप्याच्या कामातून मी आणि दादा मोकळे. तुमचं तुम्ही बघा." दुसऱ्या दिवसापासून खरंच त्याने निरोप आणणं बंद केलं. दादांनीही. मी म्हटलं, बरं झालं, तेवढीच शांतता.

हळूहळू वर्गाची गंमत मला कळायला लागली. इथे खरं बोलायची सोयच नव्हती. ज्याला जेवढे शब्द येत तेवढंच त्याचं आयुष्य. ड्रायव्हरला 'डॉक्टर' हा शब्द नीट म्हणता यायचा, म्हणून त्याची आई डॉक्टर झाली, मग बहीण झाली, शेवटी सासूही झाली. मला 'डॉग' आवडायचा. मी सांगून टाकलं की माझ्याकडे तीन कुत्रे आहेत. प्रत्यक्षात मी कुत्रा दिसला की रस्ता बदलते. पुढे माझे वडील वैमानिक झाले आणि आमच्या घराला बाग आली. टीचरना कशाचंच काही नव्हतं, वाक्य सरळ आलं की झालं. मी तर अशी रंगले, अशी रंगले, की दवाखान्यात ट्रे लावतानाही कुत्र्यांची नावं ठरवत होते. आणि ताईंशी बोलताना तू म्हणू की तुम्ही हा पेच नाही, सगळ्यांना एकच 'यू'. थोरल्या जावेला तोंडावर बरोबरीने हाक मारायची आणि वर शाबासकी मिळवायची! मला हा वर्ग फार मानवला.

ताईंचं मात्र काही रंगायचं नाही. आपलं तेच, घर, मशीन, कापड, दोरा. विचारलं की थोडं थांबायच्या, अंगठ्याने ते टोचलेलं बोट चोळायच्या आणि मग एक एक शब्द ठेवायच्या, टाचण्या लावाव्यात तशा. ही त्यांची जुनी सवय. मनापासून काही बोलायचं असलं की बोट चोळणार. सासूबाई गेल्या तेव्हाही अशाच बसून होत्या.

माफी मागण्याचा धडा आला. टीचरनी सांगितलं, एकाने माफी मागायची, दुसऱ्याने ती स्वीकारायची. माझं लक्ष सगळं माझ्या उत्तराकडे, ते मी आधीच घोकून ठेवलं होतं. ताईंनी बोट चोळलं आणि म्हणाल्या, ते इंग्रजी इथे आपल्या भाषेत सांगते, "मी वाईट बोलले. लोकांच्या पुढे. आय अ‍ॅम सॉरी."

मी एका दमात म्हटलं, "इट्स ऑल राइट! प्लीज कम इन! माय डॉग्ज आर फ्रेंडली!"

वर्ग हसला. ड्रायव्हरने टाळ्या वाजवल्या. ताई माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, जळल्या.

मग पुढच्या बेतांचा धडा. ताई म्हणाल्या, "मार्चमध्ये मी विमानाने जाईन. हॉटेलात शिवेन." मी म्हटलं, अरे वा, ह्याही शिकल्या फेकायला! आणि तोडीस तोड म्हणून सांगितलं, "व्हेरी गुड. आय विल बाय अ हॉर्स." पुढच्या आठवड्यात त्यांनी परत तेच सांगितलं, तर मी घोड्याचा रंगही सांगितला.

परीक्षेचा दिवस आला. सकाळी डॉक्टर म्हणाले होते, ती मुलगी उद्यापासून येणार नाही, आज काय ते कळवा. परीक्षक बाहेरून आले होते. चष्मा कपाळावर आणि चेहरा असा की ह्यांचाच दात दुखतोय. आम्हाला बोलावलं. दार बंद झालं. टेबलावर पालथ्या चिठ्ठ्या होत्या, त्यातली एक मी उचलली. विषय निघाला, पुढच्या वर्षीचे बेत.

माझा जीव भांड्यात पडला. घोडा तयारच होता.

परीक्षकांनी ताईंना सुरुवात करायला सांगितलं. ताई इंग्रजीत म्हणाल्या, "मार्चमध्ये मी दूर देशात जाईन. मोठं हॉटेल आहे. तिथे चादरी, पडदे, गणवेश दुरुस्त करेन. ही परीक्षा पास झाले तर ते मला घेतील."

जुनंच पाठांतर, मी मनात म्हटलं. पण प्रश्न विचारायला हवा होता, त्याला गुण होते. "किती दिवस?"

"दोन वर्षं."

"नवऱ्याबरोबर?"

"नाही. ते दुकान बघतील. वरच्या खोलीत एकटे राहतील." अंगठ्याने बोट चोळलं. "ते जेवायला तुझ्याकडे येतील का? मी तुला विचारणार होते."

माझा घोडा जागीच अडला. पुस्तकात असा प्रश्न कुठेच नव्हता. मी त्यांच्या बोटाकडे बघितलं, आणि डोक्यात एकेक दिवा लागत गेला. मार्च. विमान. हॉटेल. नवऱ्याला नक्की माहीत असणार, दादांना तर असणारच. आणि दोघे धरून चालले असणार की मला बाकावर कळलंय. मला कळवलंही होतं. तोंडावर सांगितलं होतं, आणि मी घोड्याचा रंग सांगत बसले होते.

"हे खरं आहे?" मी इंग्रजीत विचारलं.

"हो."

"आणि सॉरी? तेही खरं?"

"सगळं खरं," ताई म्हणाल्या. "मला इंग्रजीत खोटं बोलता येत नाही. तेवढे शब्द नाहीत."

माझ्या घशाशी आपल्या भाषेतलं एक अख्खं भांडण येऊन उभं राहिलं. कधी ठरलं, मला न विचारता कसं ठरलं, मी काय मेले होते का खाली! तोंड उघडलं की बाहेर पडणार. आणि त्याच वेळी लक्षात आलं की हे एक वाक्य पडलं तर दोघी नापास. मी नापास, माझी खुर्ची गेली. पण ताईही नापास. मग मार्च नाही, विमान नाही. ताई वरती, मी खाली, जिना मधे. टाकी भरली की वरून आवाज येणार.

खरं सांगते, मला मोह झाला. मोठा मोह झाला. खुर्ची गेली खड्ड्यात असंही वाटून गेलं.

ताईंनाही ते कळलं. मला ओळखतात त्या. खूण केली नाही, फक्त अंगठ्याने बोट चोळत माझ्याकडे बघत राहिल्या. परीक्षकांनी घड्याळाकडे पाहिलं. मला एकदम दिसलं, ह्या बाईने आयुष्यभर एका खोलीत बसून दुसऱ्यांचे कपडे लहानमोठे केले. एकदा तरी विमानात बसायचं म्हणून ह्या वयात त्या लहान बाकात गुडघे दुमडून बसल्या, आणि तेही माझ्याशेजारी.

भांडण मी गिळलं. त्याला इंग्रजीत जेवढं बसवता आलं तेवढं बसवलं.

"येतील जेवायला," मी म्हटलं. "रोज येतील. पण मी तुझ्यावर रागावले आहे. फार रागावले आहे. मशीनचा आवाज नाही, तर मला झोप कशी येईल?"

ताईंचे डोळे भरले. "तू घोडा घे," त्या म्हणाल्या.

परीक्षकांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला. विचारलं, "कोणता घोडा?"

"घोडा नाही," मी म्हटलं. "कुत्रेही नाहीत. वडीलही वैमानिक नाहीत. मला दवाखान्यात फिरती खुर्ची हवी आहे. आणि हिला जाऊ दे. आधी जाऊ दे. मग परत येऊ दे." काळ, क्रियापद, सगळं इकडचं तिकडे झालं असणार. पण आपल्या भाषेतलं एक अक्षर माझ्या तोंडून गेलं नाही.

परीक्षकांनी काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, दोघी पास.

शाळेच्या फाटकाबाहेर पडल्यावर मी सवयीने रस्ता ओलांडायला निघाले, तर ताईंनी माझा दंड धरला. मग जे तुंबलं होतं ते फुटलं. "पुरुष म्हणालात मला! चार लोकांत! आणि सॉरी म्हणायला चार वर्षं लागली, तेही परक्या भाषेत!" त्या म्हणाल्या, "अगं, आणि तू काय केलंस? अंगावर कुत्रे सोडलेस की माझ्या!" आख्खा रस्ताभर भांडलो. लोक खिडक्या उघडून बघत होते. घराशी आल्यावर ताईंनी माझी मान वळवली आणि मागून बघून म्हणाल्या, "केस छान दिसतात तुला. पण डावीकडे वाकडे कापलेत मेल्याने. बस, सरळ करून देते." जिन्यातच बसवून, कपड्याच्या कात्रीने, सरळ करून दिले. दुकानातून दोघे भाऊ आले तेव्हा आमच्या आवाजाने फाटकातच थांबले. माझ्या नवऱ्याने दादांना विचारलं, "हे चांगलं आहे की वाईट?" दादा म्हणाले, "आत नको जाऊ, एवढं कळतंय."

मार्चमध्ये ताई गेल्या. दादा जेवायला खाली येतात, मुकाट जेवतात, आणि टाकी भरून वाहत राहते, कुणी ओरडत नाही. रात्री वर शांत असतं. मी सांगितल्याप्रमाणे मला झोप येत नाही.

खुर्ची मात्र मिळाली. मी फोन घेते, तारखा देते, दाढ दुखणाऱ्यांना इंग्रजीत धीर देते. काल दुपारी फोन वाजला, लांबचा नंबर होता. मी माझ्या ठेवणीतल्या आवाजात म्हटलं, "गुड आफ्टरनून, डेंटल क्लिनिक."

पलीकडून ताईंचा आवाज, एकेक शब्द ठेवत. "हाऊ आर यू?"

मी हसून म्हटलं, "फाइन! अँड यू?"

"आय अ‍ॅम फाइन," ताई म्हणाल्या. "व्हेरी फाइन. थँक यू."

पुस्तकातल्यासारखं, अगदी बिनचूक. टीचर असत्या तर शाबासकी दिली असती. मी मात्र ओळखलं. बाई शिकली शेवटी इंग्रजीत खोटं बोलायला.

मी खुर्ची भिंतीकडे फिरवली, फोन कानाशी घट्ट धरला आणि आपल्या भाषेत म्हटलं, "ताई, बोट कसं आहे?"

आणि मग पलीकडून रडू आलं, रडण्याच्या मागून सगळं आलं, एका दमात. तिथल्या मशिनी कशा आवाजच करत नाहीत, खोलीतली दुसरी बाई कशी दिवसचे दिवस शब्द बोलत नाही, चादरी कशा संपतच नाहीत. मी नुसतं हं हं करत होते. समोर चार माणसं गालाला हात लावून बसली होती. डॉक्टर दारात आले, भुवया उंचावून खुणेने विचारलं, कोण?

मी फोनवर हात ठेवला.

"पेशंट आहे," मी म्हटलं. "फार दुखतंय त्यांना. थोडा वेळ लागेल."